सुमी, कापूस आणि निव्वळ नफा

प्रिय दादा,

तुले जाऊन साल झालं. इतके दिवस कागद लिवला नाही. आज लिवून राह्यली, कारण जीव थाऱ्यावर नाही अन् भांडायले घरात तुझ्यासारखं कोणी नाही.

सुमी सातवी पास झाली, दादा! यवतमाळले मास्तरीण व्हाच्या शाळेत तिचं नाव घालाचं होतं, वसतिगृहासकट. तूच म्हणायचा ना, "साधा अर्ज खाली दबते, इंग्रजी अर्ज वर येते!" म्हणून तुझी टिनाची पेटी उघडली. घाटंजीच्या कचेरीपुढं बसून तू लोकांचे अर्ज लिवायचा, त्याचे नमुने अजून तसेच आहेत.

तीन यत्ता शिकलेली मी, मले इंग्रजी कुठचं? पण तू एकदा दोन ओळींवर बोट ठेवलं होतं. एकीत नेट प्रॉफिट, दुसरीत रिअल बेनिफिट. मी इचारलं, "दोन दोन कायले?" तू पान चावत म्हणला, "दोन्हीचा अर्थ फायदाच. तुले काय कराचं खोलात, गंगे?"

काहून नाही सांगितलं खोलात? तोंड झिजलं असतं का तुझं?

मी आखूड ओळ धरली, नेट प्रॉफिटची. 'कॉटन' हा सबद कापसाच्या जिनच्या पाटीवर रोज पाह्यते, तो ओळखू आला. तो काढला, तिथं सुमीचं नाव बसवलं. बाकी सारं रांगोळीसारखं ठिपका न् ठिपका उतरवलं अन् टाकलं टपालात. सुमीचे मास्तर गावाले गेलते, चार दिवस थांबली असती तर? पण माहा सोभाव तुले ठाऊक!

आज मास्तर आले. मी त्याईले माहा कच्चा कागद दाखवला. पह्यले हसले, मंग पुन्हा वाचला. म्हणे, "सुमीच्या आई, तुम्ही लिवलं, सुमी बाजारात विकून मले निव्वळ नफा होईन."

दादा, मी पेटीच त्याईच्यापुढं उघडली! तो कोण्या दलालाचा अर्ज होता रे! भल्याची ओळ, ते रिअल बेनिफिट, त्याच्याच खालच्या कागदात होती. एका बाईनं पोराच्या शाळेसाठी केलेला अर्ज. एक कागद उलटवला असता तर!

परवा नावं ठरतात. शाळेच्या साहेबानं वाचलं असन का? पोरगी विकणारी माय समजला असन? सुमी ट्रंक भरून बसली, दर घडीले इचारते, "आई, कागद आला का?" मी तिच्यावरच खेकसते. तिले काय सांगू?

तू असता तर म्हणला असता, "नवा अर्ज लिवतो, बस खाली." तू नाहीस, त्याचाच राग येते मले.

आता आईक. उद्या पह्यल्या मोटारीनं मी जाते. कागद-बिगद काही नाही. साहेबापुढं उभी राहून आपल्या बोलीत सांगीन, नफा बाजारातला, मले पोरीचं भलं पायजे. हसला तर हसू दे. तो अर्ज माह्या हाती वापस देल्ल्याबिगर मी तिथून हालणार नाही.

अन् सुमी मास्तरीण झाली की तुझी पेटी तिच्या हाती देईन. कोण्या पोरीनं सबदाचा अर्थ इचारला, तर ती खोलात जाऊन सांगीन. हा माहा सबद, तुह्यासारखा अर्धा नाही.

तुझी तापट बहीण,
गंगू