चार कामांचा माणूस

४ जुलै १९७१, संगमनेर
पुण्याहून कॉम्प्युटरच्या पोस्टल कोर्सचं तिसरं पुस्तक आलं. कोर्स यांनी लावला होता. हे गेले, आता मी पुरा करणार. सर्टिफिकेट मिळालं की साखर कारखान्यात नोकरी, म्हणजे काष्टीला दिरांकडे जायला नको. कोंडीरामभाऊजींनी दसऱ्यापर्यंत मुदत दिलीय. भरपूर आहे.

७ जुलै
धडा सोपा. आपल्या मनाने एक प्रकार बनवायचा, त्यात माहिती भरायची, मग त्याला कामं जोडायची. नावाने हाक मारून काम सांगितलं की मशीन ते करतं. पुस्तकात उदाहरण बँकेच्या खात्याचं. मी 'माणूस' घेतला. वय ४६, उंची, चष्मा. सरावापुरता. विशेष कोणी नाही.

११ जुलै
कामं जोडली. चहा मागणे. चष्मा शोधणे. पेपर मोठ्याने वाचणे. दर वर्षी वय एकने वाढवणे.
शेजारची छबूबाई दूध घेऊन आली. म्हणाली, "चष्मा डोक्यावरच असतोय, ते बी लिही की." तिला यातलं काय कळतं? लिहिलं मात्र. पोस्टात टाकलं. पास नक्की.

२ ऑगस्ट
कागद परत. लाल शाईत शेरा: माणसाला नाव नाही, कामं कोणाला सांगणार?
सरांना संसाराचा अनुभव नसावा. बावीस वर्षं मी नुसतं 'अहो' म्हणायची, सगळी कामं व्हायची.

३ ऑगस्ट
छबूबाई हसून हसून खाली बसली. "लग्नात उखाण्यात नाव घेतलं, आन् कागदावर लाजतीस व्हय?"
मी म्हटलं, हा माणूस वेगळा आहे. मग ती दुधाचं भांडं उचलून निघून गेली. हसत होती तेच बरं होतं.

२० ऑगस्ट
आज नाव लिहिणार होते. डोकं दुखतंय. उद्या.

९ सप्टेंबर
लिहिलं. पदर डोक्यावर घेऊन. सूर्यभान.
वय वाढवण्यासारखं काम कुठे थांबवायचं याची अट घालावी, असं पुस्तकात आहे. घातली नाही. पोस्टाची वेळ होत आली होती.

२४ सप्टेंबर
जाडजूड पाकीट. मशीनने माणूस चालवला! सत्तेचाळीस, चहा मागितला. अठ्ठेचाळीस, चष्मा शोधला. पन्नास, पंचावन्न, सत्तर. शंभरीच्या पुढे गेल्यावर तिथल्या लोकांनी मशीन बंद केलं.
शेरा: थांबायची अट नाही. नापास.
छपाई स्वच्छ आहे. एकसष्टाव्या वर्षापर्यंत वाचलं.

२ ऑक्टोबर
भाऊजी न्यायला आले. सामान एका ट्रंकेत मावलं. कागदांचा गठ्ठा तेवढा बाहेर राहिला.
"वैनी, ही रद्दी हितंच टाकू. वाणी घेईल पुड्या बांधायला."
मी म्हटलं, रद्दी नाही, अभ्यास राहिलाय.
एसटीत मांडीवर घेऊन बसले.