पडद्यामागच्या हॉटेलाची निरवानिरव

लिहून ठेवणार: उमाबाई, कैलासवासी गिरिधर शहागडकर यांची पत्नी, वय अंदाजे साठ, धंदा हॉटेल, राहणार कसबे अंबड, जिल्हा औरंगाबाद.

माझे डोके ठिकाणावर आहे. कोणी मला दटावलेले नाही, फूस लावलेली नाही, आणि पानात तंबाखूसुद्धा न घालणारी मी कुठल्या नशेत असण्याचा प्रश्नच नाही. दमा मात्र आता आवरत नाही. डॉक्टर पूर्वी औषध देताना काही तरी बोलत, हल्ली नुसती बाटली देतात. तेव्हा माझ्यामागे तंटा होऊ नये, आणि झालाच तर माझ्या शब्दांवरून व्हावा, म्हणून हे सांगत आहे.

कागद लिहीत आहेत रामराव अर्जनवीस. कचेरीसमोर पेटी मांडून निजामाच्या काळापासून ते लोकांचे अर्ज लिहितात आणि तितकीच वर्षे माझा चहा पितात. मी सांगेन तसेच लिहायचे, स्वतःच्या सोयीचे नाही, हे त्यांनी कबूल केले आहे.

कलम पहिले, हॉटेलाविषयी. हे हॉटेल माझ्या माहेरच्या पाटल्या मोडून उभे राहिले. यजमान पुढे गल्ल्यावर बसत आणि मी मागे चुलीपाशी. मध्ये गोणपाटाचा पडदा. चांगल्या घरची बाई चार माणसांत चहा करताना दिसू नये, असे यजमानांचे म्हणणे होते, आणि मलाही त्या वेळी ते बरोबर वाटले. पडद्याखालून कपबश्या जात, रिकाम्या होऊन परत येत. सकाळी मुरमुऱ्यांची सुशीला, दुपारी भजी, बाजारच्या दिवशी शेव-चिवडा. चुलीवर मी आणि पाटावरवंट्याला अकबरबी. तिसरे माणूस त्या खोलीत कामाला कधी आले नाही.

रोजची गिऱ्हाइके दारालगतच्या बाकावर बसत. त्यांची तोंडे मला ठाऊक नव्हती, पण खोकला ठाऊक होता. रामरावांच्या वहाणा वाजल्या की मी साखर कमी करायची. शरदचंद्र मास्तर शाळा सुटली की येत आणि वर्तमानपत्र मोठ्याने वाचत. बाकावरच्या दोघांसाठी इतका आवाज चढवायची काही गरज नव्हती. पडद्यामागे ऐकू यावे म्हणूनच ते तसे वाचत, हे सगळ्यांना माहीत होते आणि कोणी बोलत नव्हते. हैदराबाद पडले ते मला मास्तरांच्या तोंडून कळले. गोंदीचे रखमाजी गाडीवान बाजाराला आले की एवढे हसवत, की आत माझ्या हातातला झारा हलायचा. "वैनी, आज चहा गोड झालाय, काय खुशखबर हाय का?" असे पडद्याला विचारायचे आणि उत्तराची वाट न बघता फुर्र करून बशी रिकामी करायचे.

ते दिवस चांगले होते. चांगल्याला चांगले म्हटलेच पाहिजे, म्हणून हेही लिहून ठेवले.

रखमाजी वारले तेव्हा बाकावरच्या मंडळींनी एक रिवाज पाडला. तेरावा होईपर्यंत रोज त्यांच्या जागेवर भरला कप ठेवायचा. मी तो स्वतः आल्याचा करून देत असे. यजमान गेले तेव्हाही तसेच केले. मला वाटले, ही माझी माणसे आहेत.

यजमानांच्या मागे माझे दीर दीनानाथ गल्ल्यावर येऊन बसले. वहिनीला आधार, असे म्हणत होते. आधार चार वर्षे टिकला. पाचव्या वर्षी त्यांनी दावा लावला की हॉटेल दोघा भावांचे, दोघांनी चालवलेले, आणि वहिनी नुसत्या घरात होत्या. कोर्टाला एवढेच पाहिजे होते, की हॉटेल खरोखर कोण चालवत होते. मला वाटले, यात काय अवघड आहे? अख्ख्या अंबडने माझ्या हातचे खाल्ले आहे.

पहिली साक्ष रामरावांची झाली. त्यांनी सांगितले, गल्ल्यावर गिरिधरपंत असत, ते गेल्यावर दीनानाथपंत. चुलीवर कोण असे? ते आपण पाहिलेले नाही, मध्ये पडदा होता.

(इथे रामरावांची लेखणी थांबली. "वैनी, हे बी लिवायचं का?" असे त्यांनी विचारले. मी म्हटले, "बराबर हेच लिवा. कोर्टात सांगताना न्हाई थांबले तुम्ही.")

मग मास्तर उभे राहिले. त्यांना विचारले, या बाईंना तुम्ही हॉटेलात काम करताना कधी पाहिले काय? मास्तर म्हणाले, "नाही. परक्या बाईकडे बघण्याची आमची रीत नाही." आणि खाली बसले. कोर्टात दोन-चार माना कौतुकाने हलल्या. माझ्या अब्रूची एवढी काळजी कोणी आयुष्यात घेतली नव्हती. ती काळजी घेता घेता माझे हॉटेल गेले.

मास्तर ज्या वेळी 'नाही' म्हणाले, त्या वेळी मला पडद्याचा जाळ आठवत होता. यजमान असतानाच एकदा तेलाचा भडका उडून गोणपाट पेटला. सगळे बाकावरून उठले. मास्तरांनी पडदा ओढून खाली पाडला, पायाने विझवला, आणि माझा हात भाजला होता त्यावर आपले उपरणे फाडून बांधले. गाठ बेताची बसली, कुठे आवळली नाही. न बघता अशी गाठ बांधणारा माणूस मी तरी दुसरा पाहिला नाही. संध्याकाळी यजमानांनी नवे गोणपाट टांगले. तो विषय कोणी काढला नाही. मीही काढला नाही, कारण त्याला चांगुलपणा म्हणतात असे मला वाटत होते.

एकटी अकबरबी खरे बोलली. पोलीस ॲक्शनच्या साली तिचा नवरा घराबाहेर पडला तो परतला नाही. तिला लोकांची मर्जी राखायची गरज माझ्यापेक्षा जास्त होती. दीनानाथांनी आदल्या दिवशी निरोपही पाठवला होता की विचार करून बोल. ती पिंजऱ्यात उभी राहून म्हणाली, "साब, मैं खुद देखी. चुल्हे पो येच बैठते थे. पंत तो गल्ले पो खाली बैठे रहते थे." कोर्टात हसू झाले. वकील म्हणाले, मोलकरीण मालकिणीच्या बाजूनेच बोलणार. न्यायाधीशांना मी दोष देत नाही. त्यांच्यापुढे जे बोलले गेले त्यावर त्यांनी निकाल दिला. पुढचा अर्धा भाग दीनानाथांना गेला. त्यांनी मध्ये भिंत घातली आणि कापडाचे दुकान काढले. माझ्याकडे चूल राहिली. मागच्या बोळातून दार काढून मी आजवर धंदा केला.

तर माझा हा अर्धा भाग, चूल, पितळी पातेली, दोन्ही कढया, झारे, कपबश्या, सगळे माझ्यामागे अकबरबीचे. अट एकच आहे. तिने पुढे बसायचे, तोंडावर उजेड येईल असे, आणि पडदा कधी लावायचा नाही. तिच्या हातचा चहा ज्यांना चालणार नाही त्यांनी शेजारच्या दुकानात जाऊन लुगड्याचे भाव विचारावेत. वीस वर्षे तिने वाटलेली मिरची खाऊन त्यांचा धर्म शाबूत राहिला आहे, हे मी इथे मुद्दाम नमूद करते.

कलम दुसरे. पोस्टात जे काही आहे ते माझी भाची पुष्पाबाई, मुक्काम जालना, हिला द्यावे. तिने माझे दिवस करावेत, पण जेवणावळ घालू नये. इथल्या लोकांना मी पुरेसे वाढले आहे.

कलम तिसरे. दीनानाथ यांस मधली भिंत दिली, दोन्ही बाजूंनी. त्यांना ती फार हवी होती.

कलम चौथे. तो गोणपाटाचा पडदा अजून खुंटीला आहे. माझ्यासोबत जाळू नये. बोळातल्या दारापुढे पाय पुसायला टाकावा.

कलम पाचवे. माझ्या नावाने कोणी बाकावर कप ठेवू नये. ज्या बाईला तुम्ही कधी पाहिलेच नाही, ती गेली हे तुम्हाला कळावे तरी कसे? मास्तर, हे तुम्हाला लागावे म्हणूनच लिहवले आहे. तुमच्या आवाजाची मी रोज वाट बघत होते, आणि कोर्टात तोच आवाज ऐकला. मला राग आला हे म्हणणे कमी आहे. मला घरच्या माणसाने टाकल्यासारखे झाले.

शेवटचे. अशा कागदाला साक्षीदार लागतात आणि त्यांनी सही करणाऱ्याला सही करताना डोळ्यांनी पाहावे लागते, असे रामरावच म्हणाले. अंबडात माणसे पुष्कळ आहेत. मी रामराव आणि मास्तर या दोघांनाच बोलावले. मास्तर दारात थांबले होते. मी म्हटले, आत या, आणि रामरावांकडे नको, माझ्याकडे बघा. ते समोर बसले आहेत. मी आता सही करते.

(सही) उमाबाई गिरिधर शहागडकर
मुक्काम अंबड, रविवार, दिनांक २ मार्च १९५८

साक्ष: वर सही करणाऱ्या उमाबाई यांस आम्ही समोर बसून, मध्ये पडदा नसताना, सही करताना आपल्या डोळ्यांनी पाहिले.

१. (सही) रामराव अर्जनवीस, कागद लिहिणार. पाहिले.

२. (सही) शरदचंद्र, शिक्षक. पाहिले. आज पहिल्यांदा नव्हे.