पालीला सहा तासांची थंडी

३ जानेवारी २००३
आमचे मुख्याध्यापक भागोजी सर म्हणाले, विज्ञान प्रदर्शनात तुमचा ज्वालामुखी पुरे झाला. यंदा नंबर आला नाही तर प्रयोगशाळेची किल्ली महरीन मॅडमकडे. कालची मुलगी ती! बावीस वर्षं किल्ली माझ्या खिशात आहे.

५ जानेवारी, पहाटे ५.३०
मासिकात वाचलं. थंडीत पाली-सरड्यांच्या अंगातलं घड्याळ बंद पडतं, ऊब मिळाली की थांबलं तिथून पुढे चालू! आमची स्वयंपाकघरातली पाल पहाटे साडेपाचला चुकचुकतेच. दहा वर्षांत खाडा नाही. तिला सहा तास फ्रीजात ठेवणार. पहिला नंबर आपलाच, म्हटलं, तोच पाल चुकचुकली! जमिनीवर बोटं टेकवून 'सत्य, सत्य' म्हटलं.

८ जानेवारी
पाल पकडायला चढलो. स्टुलावरून पडलो. उद्या नक्की.

१० जानेवारी
शेपूट हाती आलं. सुरुवात चांगली.

११ जानेवारी
पाल बरणीत! दमयंती म्हणाली, फ्रीजात माझी सुरमई राहील नाहीतर ती मेली पाल. शास्त्रासाठी त्याग करावा लागतो, म्हटलं. ती माहेरी गुहागरला गेली. सुरमईसकट.

१२ जानेवारी, रविवार
दहा ते चार पाल भाजीच्या कप्प्यात. काढली तर लाकूड! उन्हात ठेवली, तेव्हा कुठे हलली. बरणी उशाशी घेतली आहे.
घरातलं एकुलतं गजराचं घड्याळ उघडून पुठ्ठ्यावर चिकटवलं. 'यंत्र विरुद्ध निसर्ग'. उद्या प्रदर्शन चिपळूणला, एसटी सातची. गजर नाही, पण चिंता कसली? साडेपाचला पाल आहेच.

१३ जानेवारी, सकाळी ११.३०
पाल चुकचुकली, जाग आली. बरोब्बर सहा तास उशिरा! मिनिटाचा फरक नाही! सिद्धांत सिद्ध!!
अरे देवा. एसटी.

१४ जानेवारी, संक्रांत
मी पोचलो नाही म्हणून मॅडमनी कपाटातला माझाच ज्वालामुखी नेला. पहिला नंबर. भागोजी सरांनी तिळगूळ दिला, गोड बोला म्हणाले आणि किल्ली घेतली. मी सहा तासांचं सांगायला गेलो, तर म्हणाले, पुरावा? फार वाईट वाटलं, खोटं कशाला लिहू. घरी येऊन पाल भिंतीवर सोडली.

१५ जानेवारी, सकाळी ११.३०
रजा टाकली. गुहागरला फोन केला, परत ये म्हटलं. दमयंती म्हणाली, आधी फ्रीज घासा. आणि म्हणाली, तुमच्यापेक्षा त्या पालीला अक्कल जास्त.
तेवढ्यात भिंतीवर पाल चुकचुकली. सवयीनं माझी बोटं जमिनीला टेकली.