खुर्चीतली माझी झेरॉक्स

४ जून
आजपासून रोजनिशी. कलावंताच्या मागे काहीतरी लिखाण सापडावं लागतं. माझ्या मागे निदान ही वही सापडेल.

ठराव पक्का. यंदा परफॉर्मन्स करायचाच. ऑफिसातल्या झेरॉक्सच्या खोलीत इतकी वर्षं दुसऱ्यांचे कागद काढले, आता स्वतःला काढणार. डोक्यापासून बुटापर्यंत, तुकड्यातुकड्याने. सगळे तुकडे पुठ्ठ्यावर चिकटवायचे आणि तो कागदी माणूस माझ्या खुर्चीत बसवायचा. मी कपाटामागे. येणारा त्याच्याशी बोलायला जाईल आणि दचकेल. ते दचकणं म्हणजेच कला.

बायकोला नीट समजावून सांगितलं. ती म्हणाली, नवीन साहेब माणसं कमी करायला आलेत म्हणे, त्यांच्या नजरेसमोर राहा, जरा दिसत राहा. कलेतलं तिला कळत नाही, पण मनाने चांगली आहे.

७ जून
चेहरा काढला. झाकण उघडं ठेवून काचेवर गाल टेकवला. काच कोमट होती. उजेड सरकत आला तसे डोळे आपोआप मिटले. पुन्हा केलं, पुन्हा मिटले. नाक चपटं, भोवती सगळा काळोख. गांभीर्य छान आलंय.

घरी दाखवलं. बायकोने कागद पालथा घातला आणि म्हणाली, हे परत घरात आणू नका. पहिलाच प्रेक्षक इतका हलला, म्हणजे शकुन चांगला आहे.

११ जून
छाती, हात, एक मांडी. दुसरी मांडी चढवताना मशीन कुरकुरलं. उद्यापासून गोड बंद.

टायपिस्ट बाईंची खुर्ची सकाळी त्यांच्या टेबलावर उलटी ठेवलेली दिसली. विचारलं, तर जो तो आपापल्या फायलीत डोकं घालून बसला. फरशी पुसायची असेल.

१२ जून
गोड खाल्लं. कामाचा ताण होता.
खुर्ची अजून उलटीच.

१४ जून
नवीन साहेबांना आज जवळून पाहिलं. मऊ तळाचे बूट घालतात, आलेले कळतच नाही. वळून बघतो तो दारात उभे. मशीनकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, परत मशीनकडे. दिवसभर तुम्ही नेमकं काय करता, असं अगदी हळू आवाजात विचारलं. इतक्या आस्थेने मला आजवर कोणी विचारलं नव्हतं. मी म्हटलं, लवकरच दिसेल, साहेब. ते म्हणाले, मलाही तसंच वाटतंय.

दर्दी माणूस आहे.

१८ जून, सकाळी
प्रयोग सुरू. कागदी मी खुर्चीत, खरा मी कपाटामागे. फटीतून सगळं दिसतं.

संध्याकाळी
हिशेबनीस आले. कागदी माणसाला म्हणाले, दोन प्रती हव्यात. जरा थांबले. मग स्वतःच बटण दाबलं, प्रती घेतल्या आणि चालू लागले. दचकले नाहीत. घाईत असतील बिचारे.

नंतर जे जे आले त्यांनीही आपापल्या प्रती काढल्या. एकाचा कागद अडकला, तर त्याने बाजूचं दार उघडून तो ओढूनसुद्धा काढला. यांना हे सगळं येतं याची मला कल्पना नव्हती. प्रेक्षकांचा सहभाग म्हणतात तो हाच. दचकतील हळूहळू. उद्या परत बसवायचा.

२० जून
पाठ धरली आहे. कपाटामागे भिंतीला ओल आहे.

आज प्रती काढून झाल्यावरही हिशेबनीस गेले नाहीत. दार लोटून घेतलं आणि कागदी माणसासमोर उभे राहिले. हळूच म्हणाले, डिस्पॅचचा माणूसही गेला काल. आता तुमचा नंबर किंवा माझा. मग म्हणाले, मला मुलं आहेत हो. डोळे मिटलेल्या चेहऱ्यापुढे माणसं फार मोकळी होतात. मलाही मुलगी आहे. बाहेर येऊन त्यांच्या खांद्यावर हात ठेवावासा वाटला, पण प्रयोग मोडला असता.

२४ जून
साहेब आले. हिशेबनीसच त्यांना घेऊन आले, म्हणजे आपली तोंडी जाहिरात जोरात आहे. हिशेबनीसांनी एक कागद काचेवर ठेवला आणि बटण दाबून दाखवलं. साहेब मात्र कागदी माणसाकडेच बघत होते. त्यांनी त्याच्या खांद्याला एक बोट लावलं. तो पुढे वाकला. विचारलं, कधीपासून आहे हा असा? हिशेबनीस खाली बघत म्हणाले, आठवडा होत आला. आणि काम कुठे अडलं? कुठेच नाही, साहेब.

साहेब हसले. ते हसणं मला फारसं आवडलं नाही, पण दाद ती दाद. कपाटामागे अंगावर काटा आला. ओलीमुळे असेल.

घरी सांगितलं, साहेबांनी माझं काम पाहिलं. बायकोने विचारलं, तुम्ही दिसलात ना त्यांना? म्हटलं, डोक्यापासून बुटापर्यंत. किती दिवसांनी तिचा चेहरा मोकळा झाला. मुलीला म्हणाली, घाबरायचं काही कारण नाही आता, बाबांचं पक्कं आहे.

२७ जून, दुपारी
केबिनमध्ये बोलावलंय. इस्त्रीचा शर्ट घातलाय. भाषण तयार आहे, छोटंसं, नम्र.

संध्याकाळी
माझ्या या लहानशा प्रयत्नाला, अशी मी सुरुवात केली. साहेबांनी भाषण पूर्ण होऊ दिलं. मग म्हणाले, बाकीच्यांच्या बाबतीत मला फार विचार करावा लागला, तुमचं काम तुम्हीच सोपं करून दिलंत. कागद पुढे सरकवला. मी सही केली. ते म्हणाले, याची एक प्रत तुमच्याजवळ ठेवा.

झेरॉक्सच्या खोलीत गेलो. कागद काही केल्या काचेवर सरळ बसेना. हिशेबनीस मागे उभे होते. माझ्याकडे न बघता म्हणाले, द्या इकडे. त्यांनीच काढून दिली.

अगदी स्वच्छ आली आहे. आता घरी दाखवायची. वर आमच्या खोलीत दिवा लागलाय. मी अजून खाली जिन्यातच बसलो आहे.