पोरबंदरला अडकलेल्या बकुळला

झाशी,
ता. १९ नोव्हेंबर १९३४

चि. बकुळ हिला मार्तंड आजोबांचा आशीर्वाद.

आम्ही दोघं बरी आहोत. थंडीने आजीचा गुडघा धरला आहे, मला रात्री खोकला येतो. बाकी ठीक.

तुझं पत्र आज सकाळी मिळालं. पोस्टमनने दतिया गेटापासूनच हाक मारली, "दद्दा, बिटिया की चिट्ठी!" म्हणजे सगळ्या आळीला कळलं. पाकिटाचा डिंक मला दोनदा लावल्यासारखा वाटला. तुझ्या मिशनच्या ग्रेस मिस तुम्हा नर्सांची पत्रं आधी वाचून मग टाकतात का? खरं काय ते लिही. हेही त्या वाचत असतील तर वाचू देत.

या प्रवासाचं लक्षणच मला ठीक दिसत नाही. आधी भुसावळच्या अलीकडे गाडी अडकली. मुंबईत मिसना ताप भरला आणि आफ्रिकेचं जहाज तुम्हाला सोडून गेलं. दुसरं मिळालं तर त्याचं इंजिन भर समुद्रात बंद पडलं. माझी सगळी नोकरी रेल्वेच्या लोको शेडात गेली. इंजिन बिघडलं असं सांगतात पण काय बिघडलं ते सांगत नाहीत, तेव्हा सांगणारा काहीतरी लपवतो. बॉयलर की पंप? कोणा खलाशाला विचार, साहेबाला नको.

आणि ते मचव्याचं. जहाजावरून पोरबंदरच्या किनाऱ्याला आणताना मचवा कलंडला, तू पाण्यात पडलीस, एका खलाशाने केस धरून ओढून काढलं. एवढं सगळं तू दोन ओळींत लिहिलंस! पत्र वाचलं तेव्हा शेजारचे गोविंदराव बसले होते. म्हणाले, "मार्तंडराव, ही मिशनची मंडळी माणसाला आपल्यात घेताना पाण्यात बुडवूनच घेतात बरं."

तसाच उठलो आणि सदर बाजारात पाद्रीबाबांकडे गेलो. तोंडावर विचारलं, "हमारी पोती गिरी है, या गिराई गई है?" ते हसले नाहीत. म्हणाले, "दादाजी, बपतिस्मा चोरी से नहीं होता। चलिए, आपके सामने तार करके पूछ लेते हैं।" तार मीच नको म्हटलं. त्यांनी चहा दिला, तो मात्र प्यालो. माणूस सरळ वाटला. पण सरळ वाटणं हेच त्यांचं काम असेल.

घरी येताना लक्ष्मी तालाच्या काठी महालक्ष्मीपुढे हात जोडले, आणि काय मागावं तेच सुचेना. घरी आल्याबरोबर देव पाण्यातून काढले.

हे तुला ठाऊक नाही. तू निघालीस त्या सकाळी मी देव्हाऱ्यातले देव पातेल्यात पाण्यात ठेवले होते. आजीला म्हटलं, पोर सुखरूप मोंबासाला पोचली की काढू. ती बिचारी रोज पाणी बदलत होती. आज देव पुसताना तिने मला पाहिलं.

"अहो, पोरगी पोचली कुठे अजून? मग देव कसे काढलेत?"

मी म्हटलं, "पाणी खराब झालं होतं."

"सकाळीच बदललंय मी." मग पातेल्यात डोकावली. "खरं सांगा. मागितलं तरी काय होतंत?"

तिला सांगितलं तेच तुला सांगतो. तुझं जाणं अडावं असं मागितलं होतं. भुसावळला गाडी अडली हे कळलं तेव्हा देवांपुढे साखर ठेवली. मिसच्या तापाचं ऐकूनही मला वाईट वाटलं नाही. पण बकुळ, तू पाण्यात पडावीस असं माझ्या मनातसुद्धा आलं नव्हतं. अडव म्हटलं, कसं अडव ते सांगायचं राहिलं.

आजी रडली नाही, ओरडली नाही. म्हणाली, "आईबाप गेले तेव्हा हिला आपण तरी होतो. तिकडच्या त्या अनाथ पोरांना कोण आहे? ती त्यांच्याकडे निघाली आणि तुम्ही तिच्या वाटेत देवाला आडवं घातलंत?" मग माझ्या हातून मूर्ती घेतल्या, पदराने एकेक कोरडी केली, गंध लावलं. "आजच लिहा तिला. मला लिहिता येत असतं तर तुम्हाला सांगितलं नसतं."

तू विचारलंस, तुम्ही म्हणाल तर इथूनच परत येते. हे तुला कोणी लिहायला लावलं की काय, असाही संशय मला आला. पण तुला यायचंच असतं तर विचारत बसली नसतीस, सरळ गाडी धरली असतीस. लहानपणापासून तू तशीच आहेस. तेव्हा परत ये असं मी लिहीत नाही. जहाज दुरुस्त झालं की जा. मचव्यात कडेला बसू नकोस. पोरांना औषध देताना आधी स्वतः जेवून घेत जा.

आजी समोर बसली आहे. हे सगळं तिला वाचून दाखवायचं आहे, म्हणून काही गाळता आलं नाही. माझ्या मागण्याचा मला आता भरवसा नाही. तुझ्यासाठी जे मागायचं ते यापुढे तीच मागेल.

तुझ्या वाटेतून बाजूला झालेला,
मार्तंड आजोबा