लांब नळ्यांच्या हेडरबाबत माझी शेवटची इच्छा

आणि ताई, हातोडीने पिकअपच्या हेडरच्या नळीला खळगा पाडणं म्हणजे अडाणीपणा नव्हे, हे मी तुला फोनवर तीनदा सांगितलं आणि तू तीनदा हसलीस. क्लचचा दांडा नळीला घासत असेल तर सगळेच तिथे खळगा पाडतात. शर्यतीच्या गाड्यांवालेसुद्धा पाडतात. पण तू फोन ठेवलास. म्हणून उरलेलं भांडण आता कायदेशीर कागदावर घालतो.

कागद कप्तानाने दिला. खेकड्यांचा हंगाम बुधवारी सुरू होतो आणि बोटीवर चढणाऱ्या प्रत्येकाने आधी मृत्युपत्र लिहून त्याच्याकडे द्यायचं, असा त्याचा नियम आहे. दुसरी प्रत घरी पाठवायची. ती ही.

तर मी, एलॉय मॅस्करेन्यास, वय तेवीस, शिक्षण नववी (तीही अर्धी), राहणार पेन्यास्को, न्यू मेक्सिको, सध्या मुक्काम अलास्का, हे स्वतःच्या अकलेने आणि स्वतःच्या अक्षरात लिहून ठेवतो. माझ्यावर कोणाचं दडपण नाही. मी दारू प्यायलेलो नाही. माझी शुद्ध ठिकाणावर आहे. तुझ्याबद्दल तसं लिहून देता येणार नाही, कारण पिकअपच्या काचा वर केल्या की तुझी शुद्ध कुठे जाते ते तुलाच ठाऊक. त्यावर पुढे येतोच.

कलम एक. समुद्राने मला परत दिलं तर बाबांच्या शेजारी पुरावं. नाही दिलं तर रिकामी पेटी पुरू नये, लाकूड वाया जातं. दोन्ही वेळी सेलेस्तीनो मामांना गाऊ देऊ नये. आईच्या वेळी त्यांनी गायलं तेव्हा फादरच रडायला लागले, आणि ते दुःखाने नव्हतं.

कलम दोन. माझी हत्यारं. पान्यांचा लाल डबा मामांना. त्यातला तेरा नंबरचा पाना त्यांच्याकडेच आहे, दोन वर्षं झाली, म्हणजे डबा त्या पान्याला भेटायला जातो आहे असं समजावं. मोठा जॅक ताईला. ज्या हातोडीने खळगा पाडला ती हातोडीही ताईलाच. ती भिंतीवर टांगून तिने रोज बघावी.

कलम तीन. बँकेत जे काही असेल ते ताईला. खूप काही असेल या आशेने तिने बँकेत नवा ड्रेस घालून जाऊ नये.

कलम चार. बाबांची सदुसष्ट सालची पिकअप.

हे कलम लांबणार. स्वयंपाकी रोमुलो इथे समोर बटाटे सोलतो आहे, त्याला साक्षीदार म्हणून सही करायची आहे. तो मघापासून विचारतो आहे, "अजून किती रे? हेडर हेडर काय लावलंयस? टोपी असते का ती?"

मी म्हटलं, "आठ सिलिंडरचा धूर गोळा करून मागे सायलेन्सरकडे नेणाऱ्या नळ्या. जुन्या गाडीला बिडाचा जाड मॅनिफोल्ड असतो. तो काढायचा आणि त्या जागी या बसवायच्या."

"का? तो मोडला होता?"

"एका बाजूचा तडकला होता."

"मग तेवढाच बदलायचा ना!"

ताई, हा माणूस तुला कधी भेटला नाही आणि तरी तुझ्याच बाजूने बोलतो.

तर लिहून ठेवतो की ऑगस्टमध्ये मी तीन आठवडे कॅटलॉग चाळला आणि लांब नळ्यांचे हेडर निवडले. ते निवडण्यात माझी चूक नव्हती. आपलं गाव साडेसात हजार फुटांवर, तिथे इंजिनाला श्वास पुरत नाही. लांब नळीने कमी वेगात जोर येतो, आणि लाकडं भरून चढ चढायला तोच जोर लागतो. हे मी म्हणत नाही, पुस्तकात लिहिलेलं आहे. तू तेव्हा अंगणात तुझ्या स्कूलबसचे आरसे पुसत होतीस आणि तिथूनच म्हणालीस:

"तुला जोर नकोय, तुला आवाज हवाय. चर्चसमोरून जाताना पोरींनी बघावं म्हणून."

"पोरी आवाजाकडे बघत नाहीत, ताई."

"म्हणजे करून बघितलंयस तर!"

मामा कॉफीचा मग घेऊन बादलीवर बसले होते. ते इतके हसले की कॉफी नाकातून आली. तेवढं सोडलं तर त्या दिवशी त्यांची काही मदत झाली नाही.

मग मी नळ्या बसवल्या आणि तू गाडीखाली सरपटत गेलीस, टॉर्च घेऊन. बराच वेळ तुझे फक्त बूट दिसत होते. आतून म्हणालीस, "एलॉय, या नळ्या चासीच्याही खाली लोंबतायत. जंगलातल्या रस्त्यावर दगड आला की?"

"दगड बघून चालवायचं."

"मागे एवढी लाकडं, समोर उतार. मी दगड बघू की ब्रेक बघू? हे परत कर, आखूड नळ्यांचे घे. ते वरच्या वर वळतात, क्लचच्या दांड्यालाही लागत नाहीत. आणि सिरॅमिकचा लेप असलेले घे. हा काळा रंग आठवड्यात जळेल."

मी म्हटलं, आखूड नळ्या म्हाताऱ्यांसाठी असतात. तू म्हणालीस, गाडी सत्तेचाळीस वर्षांची आहे, तिला विचार.

रंग चार दिवसांत जळला. आठवडाभर घराला जळक्या तव्याचा वास येत होता. हे मी या कागदावर प्रथमच कबूल करतो. बिडाचा जुना मॅनिफोल्ड, म्हणजे तडकलेला आणि त्याच्याबरोबर दुसरा धड होता तोही, मी भंगारात देऊन मोकळा झालो होतो. तेही कबूल. त्या पैशांचे मी बरिटो खाल्ले. तू विचारलंस तेव्हा मी 'शेडमध्ये कुठेतरी असेल' म्हणालो. शेडमध्ये शोधू नये.

आता कलम पाच. आत्तापर्यंत मी गमतीत लिहिलं. हेही गमतीतच लिहायला बसलो होतो.

गेल्या रविवारी तू फोनवर सांगितलंस की डोंगरावरून लाकडं आणताना नळी दगडावर आदळली, जोडापाशी वाकली आणि आता धूर तिथूनच सुटतो. केबिनच्या तळाचा पत्रा गंजून भोकं पडलीत, ती मीच बुजवणार होतो. तू म्हणालीस, "काचा उघड्या ठेवते. थंडी वाजते, पण डोकं दुखत नाही."

आणि मग हसत हसत सांगितलंस की परवा मामांना थंडी सोसेना म्हणून काचा वर केल्या, तर ते बोलता बोलता झोपले. गुरांच्या फाटकापाशी तू त्यांना हाक मारलीस, उठेनात. दोन थपडा मारल्यास तेव्हा डोळे उघडले आणि म्हणाले, "आलं का घर?" तुझं स्वतःचं डोकं घणघणत होतं. तू म्हणालीस, "तुझ्या हेडरने मामांना एकदाचं गप्प केलं."

मीही हसलो. फोन ठेवल्यावर धक्क्यावरच बसून राहिलो. कप्तानाला वाटलं बोटीला घाबरलो. तो म्हणाला, "पहिल्या हंगामाला सगळ्यांचे पाय लटपटतात." ताई, मृत्युपत्र मला लिहायला लावलंय आणि मरायची घाई तुम्हा दोघांना. ती झोप नव्हती. त्या धुरातल्या विषाला वासच नसतो. तुला हे माहीत आहे, शाळेच्या बसचं प्रशिक्षण देताना शिकवतात. तरी तू चालवतेस, कारण बर्फ पडायच्या आत लाकूड घरी यायला हवं, आणि कारण ते हेडर मी बसवलेत आणि ते चुकले असं तुला मला मोठ्याने सांगायचं नाही. हसून सांगतेस. तुझी खोड मला माहीत आहे.

म्हणून मी सांगतो. पुस्तकाप्रमाणे मी बरोबर होतो. आपल्या रस्त्यावर तू बरोबर होतीस. पुस्तकवाले लाकडं आणायला जात नाहीत.

कलम सहा. पिकअप ओतिलिया मॅस्करेन्यास, माझी थोरली बहीण, हिची. मी मेल्यावर नाही. आजपासून.

रोमुलोने हे वाचलं आणि म्हणाला, "असं नसतं रे. मृत्युपत्रात मेल्यानंतरचं लिहितात. आत्ता द्यायचं तर आत्ता दे, कागद कशाला नासवतोस?"

मी म्हटलं, "मग आत्ता देतो."

गाडीच्या मालकीचा कागद तू ऑगस्टपासून शोधते आहेस. तो माझ्या बॅगेत होता, मोज्यांच्या खाली. माझ्यामागे तू गाडी विकशील किंवा माझे हेडर उतरवशील म्हणून मी तो घेऊन आलो होतो. कागद तुझ्या हातात नसला तर तू हात लावणार नाहीस, एवढं मला ठाऊक होतं. सही करून याच पाकिटात घातला आहे. आता विचारायचं कोणाला नाही. काय बसवायचं ते तू ठरव.

कलम सात, आणि यावर वाद नको. नवे हेडर बसून मामांनी बोल्ट आवळेपर्यंत गाडी अंगणातून हलवायची नाही. इंजिन दोन-तीनदा तापवून थंड झाल्यावर बोल्ट पुन्हा आवळायचे, गरम असताना नाही. मी गरम असताना आवळले होते. आणि या वर्षी लाकूड विकत घ्यायचं. हो, विकत. आपल्या घरात कधी कोणी लाकूड विकत घेतलं नाही हे मला माहीत आहे. बाबा ताप अंगात असताना कुऱ्हाड घेऊन गेले होते तेही माहीत आहे. गावात लोक बोलतील. कोणी विचारलं तर सांग, माझा भाऊ समुद्रावर श्रीमंत झाला. खरं कोणाला सांगायचं नाही.

हे सगळं मी वाचून पाहिलं. खाडाखोड माझीच आहे.

सही: एलॉय मॅस्करेन्यास

साक्षीदार पहिला: रोमुलो दुमलाओ, स्वयंपाकी. (याचं म्हणणं आहे की ताईचंच बरोबर होतं, आणि हे सहीशेजारी लिहिल्याशिवाय तो सही करत नव्हता.)

साक्षीदार दुसरा: आर्ने टॉर्गर्सन, डेकवरचा. (याने काही वाचलेलं नाही. फक्त बटाटे कधी होतील एवढं विचारलं.)

ठिकाण: डच हार्बर, अलास्का
तारीख: ११ ऑक्टोबर २०१४

पाकिटात मनीऑर्डर आहे. तू निवडशील ते हेडर, आखूड नळ्यांचे, लेप दिलेले. तांब्याचे गॅस्केट, नवे बोल्ट. केबिनच्या भोकांना पत्रा. आणि दोन गाड्या पिन्योन पाइनचं लाकूड, फोडलेलं, घरपोच. मिळून नऊशे पस्तीस डॉलर.