हेमलताच्या डोळ्याचा नंबर

गोरखपूर, जबलपूर
४ सप्टेंबर २०१४

चि. सौ. मनीषास,
अनेक आशीर्वाद. फोनवर मला दोन वाक्यांपुढे बोलता येत नाही, म्हणून पत्र.

दिवाळीनंतर तुझ्या हेमलतावहिनीचं वर्षश्राद्ध आहे. विनयने पुण्याहून सांगितलं की बाबा, आईचा एक चांगला फोटो फ्रेम करून ठेवा, मी आलो की हार घालू. त्यानेच दिलेला तो मोठा डिजिटल कॅमेरा घरात आहे, फोटोही पुष्कळ आहेत. पण मी काढलेल्या एकाही फोटोत ही स्पष्ट नाही. भेडाघाटच्या फोटोत मागच्या नावाड्याची मिशी मोजता येते, ही मात्र धुक्यात. मी दर वेळी म्हणायचो, हलू नकोस. ही म्हणायची, तुमचाच हात हलून राहिला.

हिने काढलेल्या फोटोंत मात्र माझ्या कानावरचे केससुद्धा दिसतात. कारखान्यात जन्मभर मापं तपासली, म्हणून हे मला जरा लागलं. चूक शोधायला सध्या स्वयंपाकाच्या राधाबाईंवर सराव करतो. स्टँड लावला, शटरचा वेग वाढवला, श्वास रोखला. तरी धूसरच. राधाबाई म्हणाल्या, काकाजी, फोटो काढून राहिले की निशाना लावून राहिले, भाजी जळली तर मला बोलू नका.

तुझ्याकडे हिचा एखादा फोटो असला तर पाठव. श्री. जावईबापूंना नमस्कार.
तुझा,
दादा

नागपूर
१२ सप्टेंबर

ती. स्व. दादास,
शि. सा. न. वि. वि. पत्र वाचून आधी हसले, मग थोडं रडले, मग हे म्हणाले की आता जेवायला वाढ.

दादा, एक सांगू का? कॅमेऱ्यात डोळा लावतो त्या खिडकीशेजारी एक बारीक चाक आहे. ज्याच्या डोळ्याचा जसा नंबर, तसं ते फिरवायचं. वहिनी चष्मा काढून बघायची, म्हणून तिने ते स्वतःच्या नंबरावर लावून ठेवलं होतं. तुला त्यातून स्पष्ट दिसणारच नाही, मग तू हाताने फोकस केलेला बरोबर कसा येईल? आपोआप फोकस करायचा खटका तर तू पहिल्याच दिवशी बंद केलास, यंत्राची देखरेख नको म्हणून.

मी तेव्हाच तिला म्हटलं होतं, दादाला सांगून टाक ना. तर म्हणे, काहून सांगू? त्यांनी विचारलं तर सांगीन. तू विचारलं नाहीस, आणि तिने तीन वर्षं मजा पाहिली.

माझा आणि तिचा नंबर एकच, आमच्या चष्म्यांची नेहमी अदलाबदल व्हायची. म्हणजे दोन वर्षांपूर्वी दिवाळीत मी तिचा जो फोटो काढला, तो नक्की चांगला असणार. तो शोध.

माया असू दे, आणि जेवण वेळेवर करत जा.
तुझी,
मनी

गोरखपूर, जबलपूर
२१ सप्टेंबर

चि. सौ. मनीषास,
अनेक आशीर्वाद. तुझं म्हणणं खरं निघालं. विचारायला हवं होतं, एवढंच लिहितो.

चाक फिरवायला बोट ठेवलं, पण फिरवलं नाही. हिच्या नंबरावरच राहू दे. त्याऐवजी आपोआप फोकसचा खटका चालू केला. आता खिडकीतून राधाबाई मला धूसरच दिसतात, पण कॅमेऱ्याला बरोबर दिसतात. फोटो इतका स्पष्ट आला की त्यांनी सुरकुत्या पाहिल्या आणि म्हणाल्या, काकाजी, पहिलेवालाच अच्छा होता.

तू काढलेला दिवाळीचा फोटो तसा मी आधीच पाहिला होता, पण फ्रेमच्या कामाचा नाही म्हणून सोडला होता. स्टँडला जागा शोधताना मी चपलांसकट हिच्या रांगोळीवर उभा राहिलो, तेव्हाचा तो आहे. ही दारात उभी, बोट माझ्याकडे, ओरडायला तोंड उघडं. असा फोटो हार घालायला कसा लावायचा? विनय म्हणाला, आईचा चेहरा मला असाच आठवतो, हाच लावा.
दादा

गोरखपूर, जबलपूर
२० नोव्हेंबर

चि. सौ. मनीषास,
अनेक आशीर्वाद. तुम्ही दोघं आलात, कार्य नीट पार पडलं. जाताना तू विसरलेला चष्मा नागपूरवरून जाणाऱ्या विनयबरोबर पाठवतो आहे.

फोटो बैठकीतच आहे. गुरुजींनी दक्षिणा घेतली आणि बाहेर जाऊन स्वतःच्या चपला सरळ केल्या, हे तू पाहिलंसच. आता दूधवालाही दारातच थांबतो, आणि राधाबाई त्या बाजूला न बघता झाडू मारतात.

काल आंघोळ करून मी ओल्या पायांनी बैठकीत आलो. वर पाहिलं. परत जाऊन पाय पुसले.

पत्र पाठवत जा. मला बरं वाटतं.
तुझा,
दादा